साक्ष नोंदवणारा माणूस



अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन. तिथल्या विमानतळाला दोन नावं आहेत. विमान उतरतं त्या मैदानाचं नाव ॲलन सी. थॉम्पसन फील्ड. प्रवासी बाहेर पडतो तेव्हा मात्र पाटीवर वाचतो ते ‘जॅक्सन–मेडगर वायली एव्हर्स आंतरराष्ट्रीय विमानतळ’. थॉम्पसन हे 1963 साली जॅक्सनचे महापौर होते. काळ्या नागरिकांच्या मागण्यांना ते दाद देत नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी पोलिसांसाठी एक चिलखती गाडी आणली आणि लोक तिला ‘थॉम्पसनचा रणगाडा’ म्हणू लागले. त्याच महापौरांसमोर उभे राहून शहरातलं आंदोलन चालवणारे एव्हर्स 12 जून 1963च्या मध्यरात्रीनंतर स्वतःच्या दारात गोळी लागून पडले. त्यांचं नाव त्या पाटीवर लागायला पुढे चाळीस वर्षं गेली. जुनं नावही पुसलं गेलं नाही. नव्या नावाने जुन्याला कोपऱ्यात सरकवलं, इतकंच.

संयोजकांनी नागरी हक्क चळवळीतल्या एखाद्या हुतात्म्यावर बोला असं सुचवलं, तेव्हा त्यांच्या मनात मार्टिन ल्युथर किंग असणार हे उघड होतं. किंग यांच्यावर मराठीत पुष्कळ बोललं, लिहिलं गेलं आहे. एव्हर्स यांचं नाव आपल्याकडे क्वचित येतं, आणि आलंच तर त्यांच्या मृत्यूपुरतं. मला आज त्यांच्या कामाबद्दल बोलायचं आहे. ते काम दिसायला फार साधं होतं. गाडी घेऊन गावोगाव जायचं, मार खाल्लेल्या, हाकलून दिलेल्या, मारल्या गेलेल्या माणसांच्या घरी बसायचं, घडलं ते लिहून घ्यायचं, शपथपत्रावर सही मिळवायची आणि तो कागद न्यूयॉर्कला, वॉशिंग्टनला, वर्तमानपत्रांना पाठवायचा. साडेआठ वर्षं त्यांनी हे केलं.

2 जुलै 1925 रोजी मिसिसिपीतल्या डिकेटर या लहानशा गावात त्यांचा जन्म झाला. वडील लाकडाच्या गिरणीत कामाला, आई लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करायची. लहानपणी वडिलांच्या ओळखीच्या एका माणसाला गोऱ्यांच्या जमावाने ठार मारलं आणि त्याचे रक्ताने भरलेले कपडे कितीतरी दिवस रानात तसेच पडून होते. मुलं जाता-येता ते बघत. दुसऱ्या महायुद्धात एव्हर्स सैन्यात भरती झाले. फ्रान्समध्ये पुढे सरकणाऱ्या फौजांना रसद पोहोचवणाऱ्या ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या प्रसिद्ध ट्रकदळात, जिथे बहुसंख्य सैनिक काळे होते, त्यांनी काम केलं. परत आल्यावर 1946 साली, एकविसाव्या वाढदिवशी, थोरला भाऊ चार्ल्स आणि काही मित्रांना घेऊन ते डिकेटरच्या कचेरीत मतदानाला गेले. समोर बंदुका घेतलेले गोरे उभे होते. मत न देताच परतावं लागलं. हिटलरविरुद्ध लढून आलेल्या माणसाला आपल्याच गावात मतपेटीपर्यंत पोहोचता आलं नाही.

काळ्यांच्या मताधिकाराला कायद्याने सरळ बंदी नव्हती. 1890च्या राज्यघटनेने ही किमया साधली होती. मतदार व्हायचं तर डोईपट्टी भरा, आणि राज्यघटनेतलं एखादं कलम वाचून नोंदणी अधिकाऱ्याचं समाधान होईल असा अर्थ सांगा. समाधान कोणाचं व्हायचं आणि कोणाच्या उत्तराने व्हायचं, हे अधिकाऱ्याच्या हातात. अडाणी गोरा पास व्हायचा, काळा शिक्षक नापास. कायद्याच्या मजकुरात वंशाचा शब्दही नसायचा. 1964 साली मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या काळ्या नागरिकांपैकी 6.7 टक्के लोकांची नावं यादीत होती.

पदवी घेतल्यावर एव्हर्स यांनी विमा विकला. लेखकांनी या नोकरीकडे फारसं लक्ष दिलेलं नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. माउंड बायू हे 1887 साली काळ्यांनीच वसवलेलं गाव. तिथल्या डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांच्या विमा कंपनीसाठी एव्हर्स मिसिसिपी डेल्टात घरोघर फिरायचे. कापसाचा मुलूख. वाट्याने शेती करणारी कुटुंबं, वर्षभर मळेवाल्याच्या दुकानातून उधारी, हंगामाच्या शेवटी हिशेब मालकच करणार आणि बहुतेक वेळा देणं कुळाच्याच अंगावर निघणार. त्या फळ्यांच्या खोपटांत बसून हप्त्याचे पैसे गोळा करताना त्यांनी डेल्टा आतून पाहिला. कोणत्या घरात कोण राहतं, कोण कोणाला घाबरतं, कोण बोलू शकेल, कोण कधीच बोलणार नाही, हे त्यांना तिथे कळलं. हॉवर्ड यांच्या संघटनेने त्याच सुमारास एक बहिष्कार चालवला: ज्या पेट्रोल पंपावर आपल्याला स्वच्छतागृह वापरता येत नाही, तिथे पेट्रोल भरायचं नाही. गाड्यांच्या मागे तशा चिठ्ठ्या चिकटवल्या जायच्या. त्या वाटण्यात एव्हर्स पुढे होते.

1954 साली त्यांनी मिसिसिपी विद्यापीठाच्या कायदा शाखेत अर्ज केला. तांत्रिक कारण काढून तो फेटाळला गेला. त्याच वर्षअखेरीस नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल, म्हणजे एनएएसीपी, या संस्थेने त्यांना मिसिसिपीतले आपले पहिले पूर्णवेळ कार्यवाह नेमलं. पत्नी मर्ली सचिव म्हणून त्याच कचेरीत. जॅक्सनमधली ती कचेरी पुढे मेसॉनिक टेंपल या इमारतीत गेली आणि त्या रस्त्याचं नाव होतं लिंच स्ट्रीट. नाव एकोणिसाव्या शतकातल्या जॉन आर. लिंच या काळ्या काँग्रेस सदस्यावरून ठेवलेलं, पण ऐकणाऱ्याच्या मनात दुसरंच काही उभं राहावं असा तो पत्ता.

आल्या आल्या पहिल्याच वर्षी, 1955 साली, काय काय झालं पाहा. मे महिन्यात बेल्झोनी गावात रेव्हरंड जॉर्ज ली यांना चालत्या गाडीतून गोळ्या घातल्या गेल्या. ली मतदार नोंदणी करवून घेत होते. त्यांच्या जबड्यात शिशाचे छर्रे सापडले, तेव्हा शेरीफ म्हणाला, ते दातांतलं भरणही असू शकेल. ऑगस्टमध्ये ब्रुकहेवनला लमार स्मिथ या 63 वर्षांच्या शेतकऱ्याला न्यायालयाच्या हिरवळीवर, दिवसाढवळ्या, माणसांच्या देखत मारलं. साक्षीला कोणी उभं राहिलं नाही. आणि ऑगस्टच्याच शेवटी शिकागोहून सुटीला आलेल्या 14 वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला. टिल प्रकरणात साक्षीदार शोधायला एव्हर्स आणि चळवळीतले त्यांचे सहकारी रुबी हर्ली आणि ॲम्झी मूर कापूस वेचणाऱ्या मजुरांचे कपडे घालून मळ्यांतून फिरले. साक्षीदार मिळाले, ते न्यायालयात बोलले, आणि तरीही गोऱ्या ज्युरीने 67 मिनिटांत आरोपींना सोडलं. बोलणाऱ्यांना नंतर राज्य सोडावं लागलं.

इथे थोडं थांबतो, कारण साक्षीची किंमत कोण मोजतं हा प्रश्न एव्हर्स यांना आयुष्यभर टोचत राहिला. त्याच उन्हाळ्यात याझू सिटी गावातल्या 53 काळ्या पालकांनी शाळांमधला वंशभेद संपवावा अशा अर्जावर सह्या केल्या. अर्ज एनएएसीपीच्या पुढाकाराने झालेला. वंशभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या ‘व्हाइट सिटिझन्स कौन्सिल’ या संघटनेच्या गावातल्या शाखेने काय केलं? मारहाण नाही, जाळपोळ नाही. त्यांनी सह्या करणाऱ्यांची नावं आणि पत्ते वर्तमानपत्रात जाहिरात म्हणून छापले. मग एकेकाची नोकरी गेली. दुकानदार माल देईना, बँक खातं बंद करायला सांगू लागली, नळदुरुस्ती करणाऱ्याची गिऱ्हाइकं गेली. एकामागून एक सह्या मागे घेतल्या गेल्या. मागे न घेणाऱ्यांनी गाव सोडलं. सह्या मागणारी संस्था त्या माणसांना नोकऱ्या देऊ शकत नव्हती. एखाद्या कार्यकर्त्याची झोप उडवायला एवढं पुरेसं आहे. कागदावर नाव लिहिणं हे धैर्याचं काम, आणि तोच कागद दुसऱ्याच्या हातात गेला की शिक्षेची यादी होतो.

राज्य सरकारलाही हे पुरतं उमगलं होतं. 1956 साली मिसिसिपीने ‘सॉव्हरिन्टी कमिशन’ नावाची एक सरकारी संस्था काढली. वरकरणी काम राज्याच्या अधिकारांचं रक्षण. प्रत्यक्षात करदात्यांच्या पैशाने हेरगिरी. कोण सभेला गेलं, कोणाच्या गाडीचा नंबर काय, कोण कोणाशी बोलतं, कोणाला कुठून कर्ज मिळतं, सगळं टंकलिखित होऊन फायलीत जायचं. म्हणजे एकाच शहरात दोन दप्तरं तयार होत होती. एकात एव्हर्स अत्याचार लिहून ठेवत होते, दुसऱ्यात सरकार एव्हर्सना लिहून ठेवत होतं.

अत्याचार असे लिहून मांडण्याची गरज आपल्याकडेही जाणवली होती. जुलै 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना एक पत्र लिहिलं होतं. द्यू बॉइस हे एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी एक. अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन दिलं गेल्याचं बाबासाहेबांनी वाचलं होतं. अस्पृश्यांच्या वतीने असंच काही करता येईल का, असा विचार त्यांच्या मनात होता, म्हणून त्यांनी त्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. द्यू बॉइस यांनी लगेच उत्तर दिलं. एका खंडातल्या विद्वानाला दुसऱ्या खंडातल्या विद्वानाकडून हवा होता तो पुराव्यानिशी मांडलेल्या तक्रारीचा नमुना. एव्हर्स लिंच स्ट्रीटवरच्या कचेरीत दहा वर्षांनी जे करत होते, ते त्याच पद्धतीचं काम होतं.

एव्हर्स यांना संत करायचा मोह टाळायला हवा. तरुणपणी केनियातल्या माउ माउ बंडाने ते भारावले होते, मिसिसिपीतही तसं काही करावं का असा विचार त्यांनी केला होता. थोरल्या मुलाच्या नावात म्हणूनच केन्याटा, हे केनियातल्या पुढाऱ्याचं नाव, होतं. मुलाचं पहिलं नाव केन्याटाच ठेवायचं त्यांच्या मनात होतं, मर्लीबाईंनी आधी डॅरेल घातलं. घरात बंदूक असायची. 1963 साली जॅक्सनमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा एव्हर्स दोन्हीकडून ओढले जात होते. न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीचा भर न्यायालयावर. मोर्चे, धरणी, जामिनाचा खर्च याबद्दल ती कचेरी नाखूश. इकडे तरुणांना वाट बघायची नव्हती. माझं मत विचाराल तर मुख्य कचेरीने त्या वसंत ऋतूत त्यांना फार एकटं पाडलं. अर्थात त्या कचेरीचे प्रमुख रॉय विल्किन्स 1 जूनला जॅक्सनला येऊन एव्हर्स यांच्याबरोबर निदर्शनं करताना पकडले गेले, हेही नोंदवलं पाहिजे.

20 मे 1963 रोजी एव्हर्स जॅक्सनच्या डब्ल्यूएलबीटी वाहिनीवर 17 मिनिटं बोलले. महापौरांच्या भाषणाला उत्तर देण्याचा हक्क त्यांनी भांडून मिळवला होता. ही तीच वाहिनी, जिच्याविरुद्ध एनएएसीपीने 1955 पासून तक्रारी केल्या होत्या. राष्ट्रीय कार्यक्रमात काळ्या वकिलाची मुलाखत सुरू झाली की पडद्यावर तांत्रिक बिघाडाची पाटी यायची. त्या 17 मिनिटांत त्यांनी आवाज चढवला नाही. आपण इथलेच आहोत, युद्धात लढलो आहोत, हे सांगितलं. जॅक्सनचा काळा माणूस दूरचित्रवाणीवर बघतो की काँगोत काळा माणूस आगगाडी चालवतो, आणि आपल्या शहरात मात्र त्याला कचऱ्याची गाडीही चालवू देत नाहीत. 40 टक्के वस्ती काळी असलेल्या या शहरात एकही काळा पोलिस नाही. गोऱ्या मिसिसिपीने पहिल्यांदाच एका काळ्या माणसाला इतका वेळ, मधे न तोडता, ऐकलं. आणि त्याचा चेहरा सगळ्यांच्या लक्षात राहिला, मारेकऱ्यांच्याही. आठ दिवसांनी वूलवर्थच्या दुकानात खाण्याच्या टेबलाशी बसलेल्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावर जमावाने केचप, मोहरीची चटणी आणि साखर ओतली. त्याच रात्री एव्हर्स यांच्या घराच्या गाडीखान्यात पेटती बाटली येऊन पडली.

त्या घराला पुढचं दार नव्हतं. बांधतानाच तसं ठरवलं होतं, आत जायचं ते बाजूने, गाडीखान्यातून. मुलांच्या गाद्या जमिनीवर. बंदुकीचा आवाज आला की सरपटत जाऊन न्हाणीघरातल्या टबात लपायचं, हा खेळ आईबापांनी तिन्ही मुलांकडून घोटून घेतला होता. 11 जूनच्या संध्याकाळी अध्यक्ष केनेडी नागरी हक्कांवर देशाशी बोलले, मर्लीबाईंनी मुलांना जागं ठेवून ते भाषण दाखवलं. मध्यरात्रीनंतर गाडी आली. एव्हर्स बाहेर पडले तेव्हा हातात टी-शर्टचा गठ्ठा होता, त्यावर वंशभेद संपवण्याची घोषणा. समोरच्या झाडीतून एक गोळी आली. पाठीतून शिरून, खिडकी आणि भिंत भेदून ती स्वयंपाकघरातल्या फ्रिजला लागली. आवाज ऐकताच मुलं शिकवल्याप्रमाणे जमिनीवर पडली. एव्हर्स 37 वर्षांचे होते. 19 जूनला आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत त्यांना मानवंदना दिली गेली, आणि त्याच दिवशी केनेडींनी नागरी हक्कांचं विधेयक काँग्रेसकडे पाठवलं.

ज्या रात्री बातमी कळली, त्याच रात्री जॅक्सनमध्येच राहणाऱ्या युडोरा वेल्टी या गोऱ्या लेखिकेने एक कथा लिहून काढली. खुन्याच्या तोंडून. खुनी अजून सापडलेला नव्हता, पण त्याचं मन वेल्टींना आतून माहीत होतं, कारण ते त्यांच्याच गावातलं मन होतं. ‘न्यूयॉर्कर’मध्ये कथा छापायच्या वेळी आरोपी पकडला गेला होता आणि काही तपशील इतके जुळत होते की ते बदलावे लागले.

आरोपीचं नाव बायरन डी ला बेकविथ. ग्रीनवुडचा खतविक्रेता, सिटिझन्स कौन्सिलचा सभासद. त्याची रायफल झुडपात सापडली, दुर्बिणीवर त्याच्या बोटाचा ठसा. 1964 साली दोनदा खटला चालला, दोन्ही ज्युरींत फक्त गोरे पुरुष, दोन्ही वेळा एकमत नाही. खटल्याच्या वेळी माजी गव्हर्नर रॉस बार्नेट न्यायालयात आले आणि त्यांनी आरोपीशी हस्तांदोलन केलं. बेकविथ सुटला. 1967 साली तो लेफ्टनंट गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा राहिला. पुढे एका यहुदी पुढाऱ्याच्या घरासाठी डायनामाइट घेऊन जाताना पकडला जाऊन त्याने लुइझियानात काही वर्षं तुरुंगवास भोगला. आणि मित्रांत तो खुनाच्या बढाया मारत राहिला.

मर्ली एव्हर्स मुलांना घेऊन कॅलिफोर्नियाला गेल्या, पोमोना कॉलेजातून 1968 साली पदवी घेतली, 1970 साली काँग्रेसची निवडणूक लढवली. खटल्याची नोंद त्यांनी जपून ठेवली होती. 1989 साली ‘क्लॅरियन-लेजर’ या जॅक्सनच्या दैनिकातल्या जेरी मिचेल या तरुण बातमीदाराने छापलं की दुसऱ्या खटल्याच्या वेळी सॉव्हरिन्टी कमिशनने आरोपीच्या वकिलांना ज्युरींची माहिती काढून दिली होती. कमिशन 1977 साली बंद झालं होतं आणि फायलींना 2027 पर्यंत कुलूप लावलेलं होतं, तरी त्यातली पानं बाहेर आली. गंमत अशी, की या कमिशनचा पैसा 1973 साली ज्यांनी नकाराधिकार वापरून तोडला ते गव्हर्नर बिल वॉलर म्हणजे 1964 साली बेकविथवर खटला चालवणारे सरकारी वकील. सगळे धागे एकाच लहान गावात गुंतलेले.

प्रकरण पुन्हा उघडायचं ठरलं तेव्हा जिल्हा वकिलाच्या कचेरीत जुनी कागदपत्रं नव्हती, रायफल नव्हती. रायफल सहायक जिल्हा वकील बॉबी डिलॉटर यांना स्वतःच्या सासऱ्यांच्या घरी मिळाली. सासरे माजी न्यायाधीश होते. खटल्याची प्रत मर्लीबाईंनी दिली. ज्यांच्यासमोर बेकविथने बढाया मारल्या होत्या त्यांच्यापैकी काही साक्षीला आले. 5 फेब्रुवारी 1994 रोजी आठ काळ्या आणि चार गोऱ्या ज्युरींनी त्याला दोषी ठरवलं. 2001 साली तो शिक्षा भोगत असतानाच मेला. या सगळ्यात ‘काळाने न्याय केला’ असं म्हणायची पद्धत आहे. काळाने काही केलं नाही. एका विधवेने 30 वर्षं कागद सांभाळले आणि एका बातमीदाराने कुलपातली पानं उजेडात आणली.

1998 साली न्यायालयाच्या हुकमाने कमिशनच्या फायली लोकांसाठी खुल्या झाल्या. त्यात सुमारे 87 हजार नावं होती. मतदानाचं म्हणाल तर 1965च्या मताधिकार कायद्यानंतर दोनच वर्षांत नोंदणी 6.7 वरून 59.8 टक्क्यांवर गेली होती. डब्ल्यूएलबीटीचा परवाना न्यायालयाने 1969 साली रद्द ठरवला. एव्हर्स यांचं घर आज राष्ट्रीय स्मारक आहे, आणि त्यांच्या नावाचं नौदलाचं एक मालवाहू जहाज समुद्रात फिरतं. ही यादी वाढवता येईल, पण मला शेवटी दुसऱ्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे.

क्लाइड केनार्ड. सैन्यात पॅराट्रूपर होता, शिकागो विद्यापीठात शिकत होता, आईच्या मदतीसाठी परत येऊन कुक्कुटपालन करू लागला. उरलेलं शिक्षण जवळच्याच मिसिसिपी सदर्न कॉलेजात पुरं करावं म्हणून त्याने पुन्हा पुन्हा अर्ज केले. 1960 साली कोंबड्यांच्या खाद्याची 25 डॉलरची पोती चोरवल्याच्या आरोपावरून गोऱ्या ज्युरीने दहा मिनिटांत त्याला दोषी ठरवलं आणि सात वर्षांची शिक्षा झाली. हा निकाल म्हणजे न्यायाची थट्टा आहे, असं एव्हर्स यांनी जाहीरपणे म्हटलं. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना 30 दिवस कैद आणि 100 डॉलर दंड झाला. वरच्या न्यायालयाने ही शिक्षा पुढे रद्द केली. केनार्डबद्दल एका सभेत बोलताना एव्हर्स यांना रडू आवरेना. तुरुंगात केनार्डला कर्करोग झाला, उपचारांवाचून तो खंगला, आणि मरणाच्या दारात असताना त्याला सोडण्यात आलं. एव्हर्स गेल्यानंतर 22 दिवसांनी, 4 जुलै 1963 रोजी, तोही गेला. कमिशनच्या फायलींत त्याला अडकवण्याबद्दलची चर्चा टंकलिखित होती. ज्याच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा झाली होती, त्याने 2005 साली आपण खोटं बोललो हे कबूल केलं, आणि 2006च्या मे महिन्यात हॅटिसबर्गच्या न्यायालयाने, मूळ शिक्षा दिली होती त्याच न्यायालयाने, केनार्ड निर्दोष होता असा निकाल लिहिला.